ओसरीतला जनरेटर आणि खांबावरचा वायरमन

कोयना धरण सातारा जिल्ह्यातलं. त्याच्या पाण्यावरच्या वीजप्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट. तरी आषाढात पाटणच्या डोंगरात तारेवर झाड पडलं की धरणाशेजारचं गावही अंधारात बसतं. वीज असतेच, ती आणणारी तार तुटलेली असते. सांगलीत ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेली (धोक्याची पातळी ४५), तेव्हा तर वीज उपकेंद्रंच पाण्यात होती. अशा वेळी दोघांनी उचलून न्यायचा छोटा पेट्रोल जनरेटर उपयोगी पडतो. मात्र आपल्याकडे तो लागतो ऐन पावसात, आणि खरी गोची तिथंच आहे.

भिजू नये म्हणून तो ओसरीत येतो, जिन्याखाली जातो, नाहीतर अर्धं शटर ओढलेल्या दुकानात. लहान इंजिनात पेट्रोल अर्धवट जळतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास; आपल्याला वास येतो तो धुरातल्या इतर वायूंचा. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं; घरचे म्हणतात, पित्त झालंय. कोणी कोविडमध्ये घेतलेला ऑक्सिमीटर बोटाला लावतो. तो ९८ दाखवतो आणि सगळे निर्धास्त होतात. वास्तविक हे यंत्र फक्त लाल आणि अवरक्त प्रकाश रक्तात किती शोषला जातो ते पाहतं, आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त त्याला ऑक्सिजन भरलेल्या रक्तासारखंच दिसतं. माणूस बेशुद्ध पडत असताना आकडा छान येऊ शकतो. अशा वेळी आकडा बघत बसू नये. सगळ्यांनी मोकळ्या हवेत यावं आणि दवाखाना गाठावा. साध्या हवेत हा वायू रक्तात निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तासभर. खिडकी उघडी ठेवून भागत नाही. जनरेटर घरापासून किमान २० फूट लांब, चारही बाजूंनी उघड्या पत्र्याखाली हवा, आणि त्याच्या धुराचं तोंड घराकडे नको.

दुसरा धोका खांबावरच्या वायरमनला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळावर कारखाना काढला, त्या किर्लोस्करवाडीच्या मुलखात इंजिनाशी खटपट करणारे हात गल्लोगल्ली आहेत. त्यातूनच एक जुगाड निघतो: दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर. एक टोक जनरेटरला, दुसरं भिंतीतल्या सॉकेटला, की अख्खं घर उजळलं. पण मेन स्विच चालू राहिला असेल, तर तीच वीज उलटी डीपीकडे निघते. डीपीतला ट्रान्सफॉर्मर ११ हजार व्होल्ट उतरवून घरगुती पातळीवर आणतो. त्याला दिशा कळत नाही. इकडून २३० व्होल्ट दिले की पलीकडे पुन्हा हजारो.

जाणकार म्हणेल, एवढासा जनरेटर गल्लीचा भार कसा उचलेल, बंदच पडेल. बऱ्याचदा पडतोही. पण पुरात घर सोडताना शेजारीपाजारी मेन स्विच पाडून गेलेले असतात. गल्लीत भारच उरत नाही. जनरेटर आरामात चालतो, आणि बंद समजलेल्या तारेत वीज येते. म्हणून तर वायरमन लाईन बंद झाल्यावरही तारा जमिनीशी जोडून (अर्थिंग करून) मगच हात लावतो. पुराच्या धांदलीत ही पायरी एकदा जरी चुकली तरी जिवावर बेततं.

उपाय चेंजओव्हर स्विचचा: एक तर महावितरण, नाहीतर जनरेटर, दोन्ही एकदम कधीच नाही. घेताना फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही तारा तोडणारा मागावा, आणि तो परवानाधारक वायरमनकडून बसवून घ्यावा. तेवढा खर्च नको असेल तर भिंतीच्या नादी लागू नये. चांगल्या जाड वायरचा एक्स्टेंशन बोर्ड जनरेटरच्याच सॉकेटला लावून दोन दिवे, पंखा आणि फ्रीज चालवावा. फ्रीज मात्र आधी, एकटा सुरू करावा. चालताना दीडशे वॅट घेणारा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट करंट ओढतो. त्या क्षणी इंजिनाचा सूर खाली येतो, दिवा मिणमिणतो. सूर लगेच वर आला नाही, तर तुमचा जनरेटर त्या फ्रीजला पुरा पडत नाही.