कीबोर्ड अक्षरं पाठवत नाही

भिवंडीत राहणाऱ्या माणसाला खटखटीचं काही वाटत नाही. उलट यंत्रमाग बंद पडले, की आम्ही दचकून जागे होतो. अशा या गावात मी इलेक्ट्रॉनिक वस्तू दुरुस्त करतो. एकदा ओळखीच्या एका कारखानदारांनी मला बोलावलं. कोणत्या मागावर किती मीटर कापड निघालं, हे त्यांचे मेहताजी वहीत लिहीत. मजुरी मीटरवर, त्यामुळे पगाराच्या दिवशी त्या वहीवरून हमखास वाद होई. "कामगाराच्या डोळ्यांदेखत आकडा टिपून घेणारी एखादी पेटी करून द्या," ते म्हणाले. संगणक तिथे ठेवावा, तर सुताच्या तुसाने त्याचा पंखा चोंदणार. म्हणून मी हौशी मंडळी वापरतात तो आर्डुइनो उनो हा छोटा बोर्ड घेतला, आणि दुकानात पडून असलेला एक यूएसबी कीबोर्ड.

पाच मिनिटांचं काम, असं मला वाटलं होतं. बोर्डावर यूएसबीची खाच होतीच. मधे एक जोड लावून कीबोर्ड अडकवला. काहीही घडलं नाही!

त्याचं असं आहे, की यूएसबीत दोन्ही बाजू सारख्या नसतात. एक यजमान असतो, दुसरा पाहुणा. पाहुण्याला ५ व्होल्टचा वीजपुरवठा यजमान करतो, त्याची चौकशीही तोच करतो, आणि विचारल्याशिवाय पाहुणा तोंड उघडत नाही. कीबोर्ड हा पाहुणा. पण उनोवरची ती खाच संगणकाला जोडण्यासाठी, म्हणजे तीही पाहुण्याचीच. दोन पाहुणे समोरासमोर बसलेले आणि घरात यजमानच नाही! यावर उपाय म्हणजे यूएसबी होस्ट शील्ड नावाची, उनोवर बसणारी दुसरी पट्टी. तिच्यावरची मॅक्स ३४२१ई ही चिप यजमानपण सांभाळते. २०२१ साली आलेला रास्पबेरी पाय पिको हा बोर्ड तर योग्य प्रोग्राम दिल्यास स्वतःच यजमान होतो.

यजमान मिळाला, आता कीबोर्ड काय सांगतो ते पाहू. यजमान दर काही मिलिसेकंदांनी त्याला विचारतो, "काही विशेष?" उत्तरादाखल कीबोर्ड ८ बाइटची एक चिठ्ठी देतो. पहिल्या बाइटमध्ये शिफ्ट, कंट्रोल वगैरे कळांची नोंद, दुसरा मोकळा, आणि उरलेल्या सहांत त्या क्षणी दाबलेल्या कळांचे क्रमांक. त्यात अक्षरं नसतातच. वरच्या ओळीतल्या ९ च्या कळीचा क्रमांक ३८, ६ च्या कळीचा ३५. त्यावरून आकडा ओळखणं हे आपल्या प्रोग्रामचं काम.

इथेच मी फसलो. चिठ्ठीत दिसेल ती प्रत्येक कळ मी आकडा म्हणून मोजत होतो. कामगाराने भरभर ९६ दाबलं आणि पडद्यावर उमटलं ९९६६! कारण ९ वरचं बोट उचलण्याआधीच ६ दाबला गेला होता. पहिल्या चिठ्ठीत ९, दुसरीत ९ आणि ६, तिसरीत नुसता ६. तो कामगार हसून म्हणाला, "इतकं कापड निघालं असतं, तर मीच शेठ झालो असतो."

मी घाईने दुरुस्ती केली. तोच आकडा लागोपाठ आला, तर एकदाच धरायचा. ९६ बरोबर आले. घरी जाताना मनात आलं, ८८ मीटर असतील तर? तपासलं, तर पेटीने नुसते ८ धरले. एका नोंदीत ८० मीटरची मजुरी बुडाली असती, आणि तीही ज्याच्याशी वाद घालता येत नाही अशा यंत्रामुळे. वहीशी निदान भांडता तरी येत होतं.

खरा उपाय साधा होता. प्रत्येक चिठ्ठी आधीच्या चिठ्ठीशी ताडून पाहायची. आधी नव्हती आणि आता आहे, तेवढीच कळ मोजायची. ८८ दाबताना मधे बोट उचललं जातं, तेव्हा रिकामी चिठ्ठी येते. त्यामुळे दुसरा ८ नवाच ठरतो.

तुमच्यापैकी कुणी अशी पेटी केली, तर ती दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी तीन गोष्टी करून पाहा. ९६ भरभर दाबा, ८८ दाबा, आणि एक कळ थोडा वेळ दाबूनच धरा. मी त्यात चौथी घातली. आकडा कामगाराने स्वतः दाबायचा, पडद्यावर वाचायचा, आणि मगच एंटरची कळ दाबायची.