बर्ड फ्लू: खबर लपली की साथ वाढते

फेब्रुवारी 2022 मध्ये आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या वेहळोली गावात एका पोल्ट्रीतल्या शंभरेक कोंबड्या पटापट मेल्या. नमुने तपासले, बर्ड फ्लू निघाला. त्या पोल्ट्रीपासून 1 किलोमीटरच्या परिसरातले सुमारे 25 हजार पक्षी मारण्याचा निर्णय प्रशासनाला घ्यावा लागला. विठ्ठलवाडीकराला शहापूर काही परमुलूख नाही. कल्याणला गाडी बदलायची, कसारा लोकल पकडायची आणि आसनगावला उतरायचं. कोंबड्यांनी भरलेला टेम्पो तर एवढं अंतर पहाटेच्या आत कापतो. म्हणून या रोगाबद्दल आपण काय समजून चाललो आहोत, हे एकदा नीट तपासून घेऊ.

गैरसमज: कोंबड्यांना मर लागतेच, मानमोडी असेल.

वस्तुस्थिती: मानमोडी म्हणजे राणीखेत. त्यातही कोंबड्या झपाट्याने मरतात आणि नुसत्या डोळ्यांनी दोन्हींतला फरक ओळखता येत नाही. देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो फेब्रुवारी 2006 मध्ये, आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. तिथेही आधी राणीखेतच समजले गेले होते. निदान प्रयोगशाळाच करू शकते. पशुवैद्यकीय अधिकारी नमुने घेतात, ते पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे जातात आणि शेवटचा निर्वाळा भोपाळची राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्था देते. या साखळीची पहिली कडी पोल्ट्रीवाल्याचा फोन आहे. तो आला नाही, तर पुढची कुठलीही यंत्रणा हलत नाही.

गैरसमज: कळवलं की धंदा बसतो, गप्प राहिलेलं बरं.

वस्तुस्थिती: सरकारी पथकाने मारलेल्या पक्ष्यांची आणि नष्ट केलेल्या अंड्यांची व खाद्याची ठरलेल्या दराने भरपाई मिळते. रोगाने आधीच मेलेल्या कोंबड्यांचं नुकसान मात्र मालकाच्याच माथी बसतं. म्हणजे उशीर जितका जास्त, तितका तोटा मोठा. शिवाय 2009 च्या केंद्रीय कायद्यानुसार जनावरांच्या अनुसूचित संसर्गजन्य रोगाचा संशय आला तरी कळवणं मालकावर बंधनकारक आहे.

गैरसमज: धडधाकट कोंबड्या मारणं हा निव्वळ अत्याचार आहे.

वस्तुस्थिती: मन कळवळतं, आणि ते कळवळायलाच हवं. पण लागण झालेला पक्षी आजारी दिसण्याआधीच विषाणू बाहेर टाकू लागतो. बदकं तर कित्येकदा काहीच लक्षण न दाखवता तो वाहतात. म्हणून 1 किलोमीटरच्या आतले पाळीव पक्षी मारून खड्ड्यात चुन्याबरोबर पुरतात आणि पोल्ट्री निर्जंतुक करतात. त्यापुढे 10 किलोमीटरपर्यंत पक्षी न मारता पाळत ठेवतात. नमुने पुन्हा पुन्हा तपासतात आणि ते निर्दोष आल्यावरच नवी पिल्लं भरू देतात. खबर पहिल्याच दिवशी लागली, तर हे सगळं एका गावापुरतं उरकतं. दहा दिवसांनी लागली, तर अशी किती वर्तुळं आखावी लागतील याचा नेम नाही.

गैरसमज: रोग परदेशी पक्षी आणतात, माणूस काय करणार?

वस्तुस्थिती: रानटी पाणपक्ष्यांमध्ये हा विषाणू असतो हे खरं. पण एका पोल्ट्रीतून दुसऱ्या पोल्ट्रीत त्याला बऱ्याचदा माणूसच नेतो. न धुतलेले पिंजरे, अंड्यांचे ट्रे, टेम्पोची चाकं आणि चपलांना लागलेली विष्ठा ही त्याची वाहनं. ठाणे खाडीतल्या रोहित पक्ष्यांना हुसकावून काही साधत नाही. पोल्ट्रीच्या दारात जंतुनाशकाची पायधुणी ठेवली, बाहेरची गाडी आत घेतली नाही आणि खाद्या-पाण्याला रानपक्ष्यांचं तोंड लागू दिलं नाही, तर पुष्कळ साधतं.

गैरसमज: साथ आली की चिकन-अंडी बंद.

वस्तुस्थिती: 70 अंश सेल्सिअसपर्यंत आतून नीट शिजलं की हा विषाणू मरतो. आपल्या घरातला रस्सा तर त्याहून कितीतरी जास्त तापमानाला रटरटतो. जपायचं ते कच्च्याला. कच्चं चिकन हाताळल्यावर हात, सुरी आणि पाट साबणाने धुवा. साथीच्या काळात अर्धकच्ची अंडी टाळा. 2020 च्या सुरुवातीला चिकनमुळे कोरोना होतो अशी अफवा उठली आणि पोल्ट्रीवाल्यांना पक्षी मातीमोल भावाने काढावे लागले. त्या अफवेला कसलाही आधार नव्हता.

गैरसमज: हा फक्त पक्ष्यांचा रोग आहे.

वस्तुस्थिती: डिसेंबर 2024 मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. त्यांना बर्ड फ्लू झाल्याचं तपासणीत निघालं. माणसाला लागण क्वचित होते, आणि बहुधा आजारी पक्ष्यांच्या अगदी जवळच्या संपर्कातून. पण झाली तर ती जिवावर बेतते. 1997 मध्ये हाँगकाँगला 18 जणांना लागण झाली, त्यांतले 6 दगावले. 2021 मध्ये भारतातही एका मुलाचा बळी गेला. विषाणू जितक्या जास्त पक्ष्यांत फिरेल, तितक्या त्याला रूप बदलायच्या संधी. पक्ष्यांमधली साथ लवकर आटोक्यात आणणं हे माणसांचंही संरक्षण आहे.

गैरसमज: आम्ही शहरातले, आमचा काय संबंध?

वस्तुस्थिती: जानेवारी 2021 मध्ये परभणीच्या मुरुंब्यात कोंबड्या मेल्या, त्याच दिवसांत मुंबई आणि दापोलीच्या कावळ्यांत आणि ठाण्याच्या बगळ्यांतही हा रोग सापडला. रानपक्ष्यांना मालक नसतो, त्यांची खबर देणारे आपणच. एखादा कावळा विजेच्या तारेला लागूनही मरतो, त्याने घाबरून जाऊ नये. पण वालधुनीच्या काठी किंवा इमारतीच्या आवारात एकाच वेळी अनेक पक्षी मेलेले दिसले, तर हात लावू नका आणि मुलांना व कुत्र्यांना दूर ठेवा. नेमकी जागा टिपून पशुसंवर्धन विभागाच्या 1962 या क्रमांकावर किंवा महापालिकेला कळवा.

वेहळोलीचा पोल्ट्रीवाला आणि विठ्ठलवाडीचा गिऱ्हाईक एकाच धाग्याने बांधलेले आहेत. आपण अफवेवर विश्वास ठेवून चिकन सोडतो, भाव कोसळतो, आणि पुढच्या वेळी त्या भावाच्या धास्तीने कुणीतरी मेलेल्या कोंबड्या रातोरात ओढ्यात टाकतो. तिथून साथ मोकळी सुटते. आपण नीट शिजवून निर्धास्त खाल्लं, तर त्यालाही दुसऱ्या दिवशी सकाळी बिनधास्त फोन उचलता येईल.