कृतिसंशोधनाचा अहवाल आणि आधारग्रंथांचा निर्देश



आपणांपैकी प्रत्येकाने पंचायत समितीस पत्र लिहिलेले आहे. त्या पत्रात ‘विषय’ या ओळीखाली ‘संदर्भ’ अशी दुसरी ओळ असते, आणि तीत आपण मागील पत्राचा जावक क्रमांक व दिनांक न चुकता लिहितो. तो लिहिला नाही तर लिपिक कागद परत करतो, हे अनुभवाने आपण शिकलो आहोत. शासननिर्णयाचा उल्लेख करताना विभाग, क्रमांक व दिनांक देण्याची सवय तर आपल्या हाडीमाशी खिळली आहे. असे असूनही, तोच शिक्षक कृतिसंशोधनाचा किंवा नवोपक्रमाचा अहवाल लिहावयास बसला म्हणजे ‘मानसशास्त्रज्ञ असे म्हणतात की’ एवढ्या शब्दांवर भागवतो. कोणता मानसशास्त्रज्ञ, कोणत्या साली, कोणत्या ग्रंथात, हे काहीच नसते. रजेच्या अर्जास जी शिस्त आपण लावतो ती मुलांच्या मनाविषयी विधान करताना लावू नये, हे मला काही केल्या पटत नाही. यंदाचे अहवाल वाचताना ही उणीव इतक्या ठिकाणी दिसली की या पुस्तिकेची काही पाने त्या विषयास देणे अवश्य वाटले.

प्रथम माझीच एक गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी एका शिक्षण परिषदेत मी फळ्यावर एक त्रिकोण काढून त्याचे आडवे पट्टे पाडले आणि सांगितले की, मनुष्य वाचलेल्यापैकी दहा टक्के, ऐकलेल्यापैकी वीस टक्के, पाहिलेल्यापैकी तीस टक्के आणि स्वतः केलेल्यापैकी नव्वद टक्के लक्षात ठेवतो. खाली ‘एडगर डेल’ असे नावही लिहिले. ही आकृती मला एका प्रशिक्षणात मिळालेल्या टिपणातून आली होती, आणि तेथे ती कोठून आली हे मी कधी विचारले नव्हते. मागच्या रांगेतील एका तरुण शिक्षिकेने हात वर करून विचारले, “साहेब, हे त्यांच्या कोणत्या पुस्तकात आहे?” मी म्हणालो, “पाहून सांगतो.” पाहावयास मला बरेच महिने लागले.

डेल हे अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक होते. दृक्श्राव्य साधनांवरील त्यांचा ग्रंथ १९४६ साली निघाला आणि त्यात ‘अनुभवाचा शंकू’ ही आकृती खरोखरच आहे. तळाशी प्रत्यक्ष अनुभव व टोकाशी शब्द, अशी ती मांडणी आहे. मात्र तीत टक्केवारी नाही. एकही आकडा नाही. उलट ही आकृती शब्दशः घेऊ नये असा इशारा डेल यांनी स्वतःच दिलेला आहे. ते आकडे १९६७ साली ट्रेइक्लर नावाच्या गृहस्थांनी एका अमेरिकन मासिकातील लेखात दिलेले आढळतात, आणि तेथेही ते कोणत्या प्रयोगावरून काढले याचा उल्लेख नाही. पुढे कोणीतरी ते आकडे डेल यांच्या शंकूस चिकटविले आणि जगभरच्या प्रशिक्षणवर्गांत ते फिरू लागले. दहा, वीस, तीस असे नीटनेटके आकडे कोणत्याही खऱ्या प्रयोगातून सहसा निघत नाहीत, ही शंका मला आधीच यावयास हवी होती. त्या परिषदेस सुमारे साठ शिक्षक होते. त्यांतील कित्येकांनी ती आकृती आपल्या वर्गाच्या भिंतीवर रंगवून घेतली. त्या भिंती पुसावयास मी कोणत्या तोंडाने सांगू?

आधार देणे म्हणजे विद्वत्तेचे प्रदर्शन नव्हे, हे यावरून ध्यानी येईल. वाचणाऱ्यास मूळ ठिकाणी जाऊन तपासता यावे, एवढ्यासाठीच तो असतो. याचे मानसशास्त्रातील फार गाजलेले उदाहरण सर सिरिल बर्ट या इंग्रज मानसशास्त्रज्ञाचे आहे. वेगवेगळ्या घरी वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांच्या बुद्धीची तुलना करून बुद्धी बहुतांशी आनुवंशिक असते, असे त्यांनी प्रतिपादिले. १९५५ साली त्यांनी अशा २१ जोड्या दिल्या, १९५८ साली तिसाहून अधिक, आणि १९६६ साली ५३. बर्ट १९७१ साली वारले. १९७४ साली लिऑन कामिन यांनी हे लेख एकापुढे एक ठेवून वाचले, तेव्हा असे दिसले की जोड्यांची संख्या वाढत गेली तरी सहसंबंधाचा गुणक मात्र तिन्ही वेळी ०.७७१ हाच होता. नवीन मुले मोजली तर तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत तोच आकडा येणे जवळजवळ अशक्य. हे हेतुपुरस्सर होते की निष्काळजीपणाचे, यावर विद्वानांत पुढेही वाद झाला. पण त्या आकड्यांवर विसंबणे बंद झाले. लेखांची वर्षे व पृष्ठे नोंदलेली होती, म्हणूनच कामिन यांना ते शोधता आले. ‘बुद्धी जन्मजात असते, असे शास्त्रज्ञ म्हणतात’ एवढ्यावर एखाद्या पाड्यावरील मुलाविषयी ‘याला काही येणार नाही’ असे आपण ठरवितो, तेव्हा त्या वाक्यामागे कोणता कागद आहे हे आपणांस ठाऊक असले पाहिजे.

आता पद्धतीकडे वळू. मानसशास्त्र व शिक्षणशास्त्र यांच्या लेखनात जगभर बहुतेक ठिकाणी अमेरिकन मानसशास्त्र संघाची पद्धत चालते. १९२८ साली काही नियतकालिकांचे संपादक व व्यवस्थापक एकत्र बसले, आणि १९२९ साली त्यांनी अवघ्या सात पानांच्या सूचना प्रसिद्ध केल्या. त्या सात पानांचे पुढे जाडजूड पुस्तक झाले. १९५२ साली त्यास नियमपुस्तिकेचे रूप आले, आणि सातवी आवृत्ती २०१९ साली निघाली. तिच्या मुळाशी असलेली ‘नाव व वर्ष’ ही रीत मात्र त्याहून जुनी आहे. हार्वर्ड विद्यापीठातील मार्क नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने १८८१ साली एका बिनशंखाच्या गोगलगाईवर निबंध लिहिला. या रीतीचे सर्वांत जुने ज्ञात उदाहरण तेच मानले जाते.

रीत सोपी आहे. मजकुरात विधानाच्या शेवटी कंसात लेखकाचे आडनाव व ग्रंथाचे प्रकाशनवर्ष द्यावे, आणि अहवालाच्या शेवटी त्याच ग्रंथाची पूर्ण नोंद करावी. आपल्याजवळचेच उदाहरण घेऊ. बिने यांच्या बुद्धिमापन कसोट्या मराठी व कानडी मुलांस लागू पडतील अशा रीतीने व्ही. व्ही. कामत यांनी धारवाड येथे बसविल्या, आणि त्यावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. आपल्या अहवालात त्यांचा उल्लेख आला तर वाक्याअखेर (कामत, १९४०) असे लिहावे. शेवटच्या यादीत ती नोंद अशी येईल : कामत, व्ही. व्ही. (१९४०). मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रन. ऑक्स्फर्ड युनिव्हर्सिटी प्रेस. ग्रंथाचे नाव छपाईत तिरप्या अक्षरांत असते. हाताने लिहिताना त्याखाली रेघ ओढावी. प्रकाशनाचे गाव पूर्वी देत असत, सातव्या आवृत्तीपासून ते गाळले आहे. येथे वर्षाचे महत्त्व विशेष आहे. कामतांच्या ग्रंथाच्या पुढेही आवृत्त्या निघाल्या. आपण हाताळली असेल त्याच आवृत्तीचे वर्ष द्यावे. आणि १९४० च्या सुमारास धारवाडकडील मुलांवरून काढलेले प्रमाण आजच्या चोपडा तालुक्यातील पावरा बोलणाऱ्या मुलास लावताना ते वर्ष वाचकाच्या डोळ्यांपुढे असावे. कंसातील चार आकडे येथे मुलाच्या बाजूने साक्ष देतात.

मासिकातील लेख असेल तर लेखक, वर्ष, लेखाचे नाव, मासिकाचे नाव, खंड, अंक व पृष्ठे या क्रमाने नोंद करावी. अधोरेखन मासिकाच्या नावाखाली येते, लेखाच्या नावाखाली नाही. दोन लेखक असतील तर दोघांचीही आडनावे द्यावीत. तीन किंवा अधिक असतील तर मजकुरात पहिल्याचे नाव देऊन ‘व इतर’ म्हणावे. पाठ्यपुस्तकास व्यक्ती लेखक नसेल तर संस्था हीच लेखक. म्हणजे ‘बालभारती’ एवढे न लिहिता महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ असे पूर्ण नाव यादीत यावे. यादी आडनावांच्या वर्णक्रमाने लावावी, क्रमांक घालू नयेत. नोंदीची पहिली ओळ समासापासून सुरू करून पुढच्या ओळी अर्धा इंच आत घ्याव्यात, म्हणजे आडनावे वरून खाली नजर टाकताच सापडतात.

दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे घेतले तर त्यांस अवतरणचिन्हे हवीत, आणि कंसात पृष्ठांकही हवा. उतारा चाळीस शब्दांचा किंवा त्याहून मोठा असेल तर अवतरणचिन्हे न घालता तो वेगळ्या परिच्छेदात, समासापासून आत घेऊन लिहावा. आशय घेऊन शब्द आपले वापरले तरी नाव व वर्ष द्यावेच लागते. दोन शब्द बदलले की लेखन आपले झाले, हा समज आपल्याकडे फार आहे. वर्गात मुलाने शेजाऱ्याच्या वहीतील गणित आकडे उलटसुलट करून उतरविले तर आपण काय म्हणतो, ते आठवावे.

मूळ ग्रंथ खेड्यात मिळत नाही, ही अडचण खरी आहे आणि मी ती हलकी लेखत नाही. परंतु तिला प्रामाणिक वाट आहे. उदाहरणार्थ, शिक्षकाच्या अपेक्षेचा मुलांच्या प्रगतीवर परिणाम होतो, हे सांगताना आपण रोझेंथल व जेकबसन यांचे नाव घेतो. त्यांचा १९६८ सालचा ग्रंथ आपण पाहिलेला नसतो. पाहिलेली असते ती अध्यापक विद्यालयातील मार्गदर्शिका. अशा वेळी मूळ नावे सांगून ‘अमुक मार्गदर्शिकेत उद्धृत’ असे कंसात लिहावे, आणि यादीत केवळ त्या मार्गदर्शिकेची नोंद करावी. यात कमीपणा नाही. शिवाय मार्गदर्शिकांतून एक गोष्ट बहुधा गळून पडते : त्या प्रयोगात लक्षणीय वाढ मुख्यतः पहिली व दुसरीच्या मुलांत दिसली होती, वरच्या इयत्तांत नव्हे, आणि ग्रंथ निघाला त्याच वर्षी त्यातील मोजमापावर टीकाही झाली होती. मूळ न पाहता मूळ पाहिल्याचा आव आणला की मार्गदर्शिकेची चूक आपल्या नावावर जमा होते.

तोंडी ऐकलेल्या गोष्टींचे काय, असे अनेकांनी विचारले आहे. पालकाने, अंगणवाडीताईने किंवा एखाद्या आजीने सांगितलेली माहिती वाचकास पुन्हा गाठता येत नाही, म्हणून ती यादीत येत नाही. मजकुरातच ‘वैयक्तिक संभाषण’ असे लिहून दिनांक द्यावा. मात्र तोंडचे ज्ञान कोणी टिपून प्रसिद्ध केले की त्यास ग्रंथाचा दर्जा येतो. आपल्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांस लिहितावाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या घरच्या माणसांनी ऐकून उतरून घेतल्या, आणि त्या १९५१ साली वारल्यावर पुत्र सोपानदेव यांनी १९५२ साली त्या ग्रंथरूपाने बाहेर आणल्या. आज त्यांचा निर्देश करताना लेखक म्हणून बहिणाबाईंचेच नाव येते, टिपणाऱ्याचे नव्हे. आपल्या शाळेतील मुलांकडून अहिराणी किंवा पावरी शब्द, कोडी, गाणी जमविणाऱ्या शिक्षकांनी हे ध्यानात ठेवावे. सांगणारा कोण, गाव कोणते, दिनांक कोणता, हे वहीत त्याच दिवशी लिहावे. नंतर ते आठवत नाही.

निरीक्षणाखालील मुलांची नावे मात्र अहवालात कधीही देऊ नयेत. ‘विद्यार्थी क’ किंवा बदललेले नाव पुरे. लहान गावात वर्ग व आडनाव यांवरूनही मूल ओळखू येते, म्हणून शाळेचे नावही विचार करूनच द्यावे. मंदगती म्हणून नोंदलेल्या मुलाच्या घरी तो अहवाल पोहोचला तर काय होईल, याचा विचार लिहिण्यापूर्वी करावा.

हल्ली भ्रमणध्वनीवरील समूहांतून तयार अहवाल येतात, आणि संगणकाकडून निबंध लिहवून घेण्याची सोयही झाली आहे. त्या यंत्राने दिलेली ग्रंथनावे काही वेळा जगात अस्तित्वातच नसतात. लेखक खरा, पुस्तक काल्पनिक, असेही घडते. यादीतील एखादे पुस्तक आपण पाहिलेले नसेल, किंवा ज्याने पाहिले त्याचे नाव सांगता येत नसेल, तर ते पुस्तक यादीतून काढावे. तीन खऱ्या नोंदींचा अहवाल मी तीस नोंदींच्या अहवालापुढे ठेवीन.

बाह्यांगाविषयी थोडेच सांगतो. कागदाच्या चारही बाजूंस एक इंच समास, ओळींत दुप्पट अंतर, पृष्ठांक उजवीकडे वर. आरंभी शीर्षकपृष्ठ, नंतर अडीचशे शब्दांपर्यंतचा सारांश, मग प्रास्ताविक, पद्धती, निष्कर्ष व चर्चा, आणि नव्या पानावर संदर्भयादी. शीर्षकपृष्ठावर नक्षी व फुले काढण्याची आवश्यकता नाही. अहवाल बांधण्यापूर्वी एक काम अवश्य करावे : मजकुरातील प्रत्येक कंसावर पेन्सिलीने खूण करून ती नोंद यादीत आहे का पाहावे, आणि यादीतील प्रत्येक नोंद मजकुरात कोठे आली तेही पाहावे. जोडीस सहकारी शिक्षक असेल तर एकाने वाचावे, दुसऱ्याने यादीवर बोट ठेवावे. पंधरा मिनिटांत होते. ज्या नोंदीस मजकुरात जागा सापडणार नाही ती खोडून अहवाल मगच केंद्रप्रमुखांकडे द्यावा.