लाईट गेली? जाऊ दे की!

परळी वैजनाथचं थर्मल पॉवर स्टेशन आमच्या बीड जिल्ह्यात. म्हणजे वीज बनवायची आम्ही आणि लाईटही जाणार आमचीच! २०१३ आणि २०१५ मध्ये तर दुष्काळात पाणीच उरलं नाही, म्हणून ते केंद्र बंद ठेवावं लागलं होतं.

त्यामुळे वर्क फ्रॉम होम घेऊन पुण्याहून अंबाजोगाईला आई-बाबांकडे जायचं म्हटलं, की मला पहिलं टेन्शन रजेचं नाही, बॅटरीचं येतं. त्यात माझ्या लॅपटॉपवर लिनक्स. मित्र लगेच म्हणणार, 'त्यावर बॅटरी टिकतच नाही रे!' टिकते बॉस, फक्त थोडं लक्ष द्यावं लागतं.

गणित सोपं आहे. समजा, बॅटरी ४८ वॉट-अवरची आहे. लॅपटॉप १६ वॉट खात असेल तर ३ तास, ८ वॉटवर आणला तर ६! कोण किती खातंय ते 'पॉवरटॉप' सांगतं. इंटेलने २००७ मध्ये आणलेलं हे टूल चक्क फुकट आहे. चार्जर काढा आणि चालवून बघा. चोर बहुतेक घरातलेच निघतात: फुल्ल ब्राइटनेस, ब्राउझरचे पंचवीस टॅब, उगाच चालू ठेवलेलं ब्लूटूथ.

मग 'टीएलपी' टाका. प्लग काढला रे काढला, की ते प्रोसेसर, डिस्क, वाय-फाय सगळ्यांना काटकसरीला लावतं. उबुंटू-फेडोराच्या सेटिंग्जमधला पॉवर मोड मात्र वेगळा प्रोग्राम सांभाळतो. एका घरात दोन कारभारी नकोत, कुठलातरी एकच ठेवा.

लिथियम बॅटरीचे दोन शत्रू: उष्णता आणि कायम १०० टक्के चार्ज. थिंकपॅडसारख्या काही लॅपटॉपवर टीएलपी चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवू शकतं. ऑफिसात दिवसभर प्लग लावून बसणाऱ्यांसाठी बेस्ट! गावी निघायच्या आदल्या रात्री 'टीएलपी फुलचार्ज' ही कमांड द्या, टाकी फुल्ल. आणि मे महिन्यात बीडचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा लॅपटॉप गादीवर किंवा बंद गाडीत नको.

बॅटरीच म्हातारी झाली असेल तर सगळे फंडे फेल. 'यूपॉवर' तिची मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी शेजारी दाखवतं. निम्म्यावर आली असेल, तर सरळ नवी घ्या. शिवाय लाईट गेली की राउटरही झोपतो, त्याच्यासाठी छोटा यूपीएस हवाच.

एवढं जमलं, की दोन तास लाईट गेली तरी मीटिंग चालूच. बॉसला पत्ता लागत नाही आणि आईच्या हातची ज्वारीची भाकरी आणखी दोन दिवस मिळते. अजून काय पाहिजे, राव?