बॉयकॉट
बॉयकॉट : एखाद्या व्यक्तीशी, संस्थेशी वा देशाशी असलेले व्यवहार संघटितपणे तोडणे, या अर्थाचे इंग्रजी क्रियापद. चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट (१८३२–९७) या माजी लष्करी अधिकाऱ्याच्या आडनावावरून ते रूढ झाले. आयर्लंडच्या मेयो परगण्यात तो लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता. १८८० मध्ये खंडात पुरेशी सूट न देता त्याने कुळांना जमिनीवरून काढू पाहिले. तेव्हा आयरिश लँड लीगच्या प्रेरणेने मजुरांनी त्याचे काम सोडले व दुकानदारांनी त्याला माल देणे बंद केले. अखेर सु. ५० स्वयंसेवकांनी सु. १,००० सैनिकांच्या बंदोबस्तात त्याचे पीक काढले. बंदोबस्ताचा खर्च पिकाच्या किंमतीच्या अनेक पट झाला. त्याच वर्षी बॉयकॉटने आयर्लंड सोडले; त्याचे नाव मात्र क्रियापद होऊन फ्रेंच, जर्मन इ. भाषांतही गेले.

लोकमान्य टिळकांच्या चतुःसूत्रीतील ‘बहिष्कार’ हा त्याचाच पर्याय होय. तथापि मराठीत हाच शब्द जातपंचायतीने वाळीत टाकण्यालाही लावतात. दोहोंतील साधन एकच. पण मेयोत ते दुर्बलांनी बलवानाविरुद्ध वापरले, तर जातिबहिष्कारात समूह ते एकट्या माणसाविरुद्ध वापरतो. अशा सामाजिक बहिष्कारास महाराष्ट्रात २०१६ च्या अधिनियमाने गुन्हा ठरविले आहे.