शोषखड्ड्यातले गणित

प्रकल्प पद्धतीत काम आधी हाती येते आणि ते अडले की धडा लागतो. विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये ती मांडली. मागे जॉन ड्यूई यांचा विचार होता. महाराष्ट्रात तिचे ठसठशीत रूप पाबळला दिसते. पुणे जिल्ह्यातल्या या गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला आणि गावाला लागणारी कामे हाच अभ्यासक्रम केला.

शाळेच्या नळाखाली साचणाऱ्या सांडपाण्यासाठी शोषखड्डा, हे अशा कामांतले अगदी साधे. पहिला प्रश्न पाणी किती, हा. मधल्या सुट्टीत नळाखाली बादली लावून मुले ते मोजतात. मग आखणी. काटकोनासाठी दोरीवर एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार फूट घेतात आणि तिरके माप पाच फूट भरेपर्यंत खुंटी सरकवतात. गवंडी हे रोज करतो. पायथागोरसचे नाव त्याला मागाहून जोडता येते.

खरी गंमत आकारमानात आहे. एक मीटर लांब, रुंद आणि खोल खड्ड्यात हजार लिटर पाणी मावेल, असे उत्तर वहीत येते. पण खड्डा दगडांनी भरायचा असतो. दहा लिटरच्या बादलीत दगड भरून वर काठापर्यंत पाणी ओतले, तर ते जेमतेम चार लिटर मावते. हिशेब पुन्हा मांडावा लागतो. शिवाय जमीन कोणती, हेही पाहावे लागते: मुरमात पाणी लवकर जिरते, काळ्या मातीत रेंगाळते.

शिक्षकाला इथे सर्वांत अवघड जाते ते गप्प बसणे. दगडांची गोष्ट आधीच सांगून टाकली, तर उरते ती मजुरी. अंदाजपत्रकात टेम्पोचे भाडे राहून गेले, तर तेही मुलांनाच सापडू द्यावे. गुण द्यायचे ते खाडाखोड झालेल्या नोंदवहीला. दुकानातून चित्रे आणून सजवलेल्या प्रकल्पवहीत शिकतो तो फार तर डिंक.

पस्तीस मिनिटांच्या तासिकेत मात्र यातले काहीच बसत नाही. सलग अर्धा दिवस तरी मोकळा हवा आणि सोबत हत्यार धरता येणारा माणूस हवा. सगळा अभ्यासक्रम अशा कामांतून उरकतही नाही. बीजगणिताचा सराव किंवा व्याकरण यांसाठी फळा आणि खडूच लागतो.