जुनी मुद्राचित्रे पाठवताना : रविवर्मा छापखान्याच्या चित्रांची प्रवासातील जपणूक

राजा रविवर्मा यांच्या चित्रांच्या छापील प्रतींनी एकेकाळी देशभरातील देवघरे आणि दिवाणखाने सजले होते. आज याच प्रतींना संग्राहकांकडून मागणी असून टपाल आणि कुरिअरद्वारे त्या एका शहरातून दुसऱ्या शहरात पाठवल्या जातात. मात्र शंभर वर्षे भिंतीवर टिकलेले चित्र चुकीच्या बांधणीमुळे दोन दिवसांच्या प्रवासात कायमचे खराब होऊ शकते. त्यामुळे या चित्रांचे स्वरूप समजून घेऊनच त्यांची बांधणी करणे आवश्यक ठरते.

बडोदा संस्थानचे दिवाण सर टी. माधवराव यांनी रविवर्मांना आपली चित्रे छापून सर्वसामान्यांपर्यंत पोहोचवण्याची सूचना केली होती. त्यानंतर १८९४ मध्ये मुंबईत रविवर्मांचा शिळाछापखाना सुरू झाला आणि १८९९ मध्ये तो लोणावळ्याजवळील मळवली येथे हलवण्यात आला. पुढे तेथील जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांनी तो विकत घेतला. १९७२ मध्ये लागलेल्या आगीत हा छापखाना नष्ट झाला. त्यामुळे उपलब्ध असलेली प्रत्येक जुनी प्रत मोलाची आहे.

धोका कोठे आहे?

या प्रती ओलिओग्राफ या नावाने ओळखल्या जातात. प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र शिळा वापरून चित्र छापले जाई आणि तैलचित्राचा आभास निर्माण व्हावा म्हणून त्यावर वार्निशचा थर दिला जाई. कालांतराने कागद ठिसूळ होतो, तर वार्निश उष्णतेने व दमटपणाने चिकट बनते. काही चित्रांतील वस्त्रांवर कापड, जर व टिकल्या लावलेल्या असतात. घडी, ओलावा, घर्षण आणि अयोग्य वेष्टन हे या चित्रांचे चार प्रमुख शत्रू होत.

नवीन मुद्राचित्र रुंद नळीत गुंडाळून पाठवता येते. जुन्या ओलिओग्राफच्या बाबतीत मात्र ही पद्धत टाळावी. गुंडाळताना ठिसूळ कागदाला व वार्निशला सूक्ष्म तडे जातात आणि ते पूर्ववत करता येत नाहीत. असे चित्र सपाट ठेवूनच पाठवणे योग्य होय.

बांधणीची पद्धत

प्रथम स्वच्छ व कोरड्या हातांनी चित्र आम्लरहित पुठ्ठ्यावर ठेवावे. ते जागेवर राहण्यासाठी आम्लरहित कागदाचे त्रिकोणी खिसे करून त्यांत चारही कोपरे अडकवावेत. चिकटपट्टी केवळ खिशांच्या मागील बाजूस लावावी. चित्राला तिचा स्पर्शही होऊ देऊ नये. चित्रावर ग्लासिन किंवा आम्लरहित पातळ कागद ठेवावा. वार्निश चिकट जाणवत असल्यास सिलिकॉनचा लेप असलेला कागद वापरावा. जर वा टिकल्या असलेल्या चित्राभोवती जाड पुठ्ठ्याची चौकट ठेवावी, म्हणजे वरच्या आच्छादनाचा दाब नक्षीवर येणार नाही.

वर्तमानपत्राचा कागद वेष्टनासाठी वापरू नये. त्यात आम्ल असते आणि त्याची शाई चित्रावर उमटू शकते. बुडबुड्यांचे प्लास्टिकही थेट चित्रावर ठेवू नये, कारण वार्निशवर त्याचे वर्तुळाकार ठसे उमटतात.

यानंतर हा संच पॉलिथिनच्या पिशवीत घालून बंद करावा. हे काम कोरड्या दिवशी आणि कोरड्या खोलीत करावे, अन्यथा हवेतील ओलावाही पिशवीत कोंडला जातो. पिशवीच्या दोन्ही बाजूंना चित्रापेक्षा सर्व कडांनी सुमारे पाच सेंटिमीटर मोठे असे पन्हळी पुठ्ठ्याचे तक्ते ठेवावेत. एका तक्त्याच्या पन्हळी उभ्या व दुसऱ्याच्या आडव्या असल्यास पुडके सहजासहजी वाकत नाही. शेवटी हे सर्व मजबूत खोक्यात ठेवून मोकळी जागा भरून काढावी. खोके हलवले असता आत काहीही सरकता कामा नये.

चौकटीतील चित्र पाठवण्यापूर्वी काच काढून ठेवणे हिताचे असते. तथापि, चित्र काचेला चिकटलेले असल्यास ते ओढून काढण्याचा प्रयत्न करू नये. रंग काचेवरच राहण्याची शक्यता असते. अशा वेळी संवर्धनतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला संवर्धन केंद्र आहे, तर लखनऊ येथे सांस्कृतिक संपत्तीच्या संवर्धनासाठी राष्ट्रीय संशोधन प्रयोगशाळा कार्यरत आहे.

नोंदी आणि कायदा

बांधणीपूर्वी चित्राच्या दोन्ही बाजूंची व कडांची छायाचित्रे घ्यावीत. नुकसानभरपाईचा प्रश्न उद्भवल्यास हाच पुरावा उपयोगी पडतो. मूल्य जाहीर करून विमा उतरवावा आणि विम्यातून कोणत्या वस्तू वगळल्या आहेत, हे आधीच पाहावे. टपालाने पाठवणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की, २०२५ मध्ये देशांतर्गत नोंदणी टपाल सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन करण्यात आली आहे.

परदेशी चित्र पाठवण्यापूर्वी कायद्याची माहिती घेणे अनिवार्य आहे. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू पुरावशेष ठरू शकतात आणि खासगी व्यक्तींना त्यांची निर्यात करता येत नाही. उल्लंघन झाल्यास किमान सहा महिने ते तीन वर्षांपर्यंत कारावास व दंडाची तरतूद आहे. रविवर्मांच्या कलाकृतींना १९७९ मध्ये या कायद्यान्वये बहुमूल्य कलाकृतींचा दर्जा देण्यात आला. एखादी वस्तू पुरावशेष आहे किंवा नाही, याचा निर्णय भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग देतो. त्यामुळे परदेशातील नातेवाइकांना घरातील जुने चित्र भेट म्हणून पाठवण्यापूर्वीही या विभागाकडे विचारणा करावी.

पुडके मिळाल्यानंतर ते लगेच उघडू नये. खोलीतील तापमानाशी जुळवून घेण्यासाठी ते एक दिवस तसेच राहू द्यावे. मात्र त्यानंतर चित्र प्रवासाच्या वेष्टनात ठेवून देऊ नये, कारण पन्हळी पुठ्ठा व पॉलिथिन ही केवळ प्रवासापुरती साधने आहेत. वेष्टन काढून चित्राची तपासणी करावी आणि काही नुकसान आढळल्यास छायाचित्रांसह तत्काळ तक्रार नोंदवावी.